दिवस बुडायच्या आत

५ मे

छातीत जाळी बसवून तीन महिने झाले. आज डॉक्टर म्हणाले, आता घाबरून कोपऱ्यात बसू नका मगदूम, चालायला लागा, आणि काय खाल्लं, कसं वाटलं ते लिहीत जा. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर धरणांच्या पातळ्या लिहिल्या, आता स्वतःची लिहायची.

पश्चात्ताप म्हणाल तर पोटभर झालाय. साइटवर जीपशिवाय पाऊल टाकलं नाही. रविवारी मिसळ, तीही दोन प्लेट, वर कट मागून. परत येताना डोसा आणि त्यावर लोण्याचा गोळा. आम्हा जैनांच्या घरात मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा शिरत नाही, म्हणून मला वाटायचं आपण सात्त्विकच खातोय. पण तूप सात्त्विक असलं तरी नळी तुंबवायची ती तुंबवतंच. कालव्यात गाळ साठला की सगळ्यात आधी बोंब मारणारा मी, स्वतःच्या कालव्याकडे कधी बघितलं नाही.

अरुणाला सांगितलं, उद्यापासून तेल अर्धं, भात बंद, ज्वारी-नाचणी सुरू. ती म्हणाली, ‘करते की.’ मला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दिवशी ती बस्तीत देवदर्शनाला गेली आणि वर्षभराचा कसलासा नेम घेऊन आली. काय नेम म्हणून विचारलं तर नुसती हसली. बटाटा सोडला असेल. आधीच तिचा एक नेम आहे, दिवस बुडाल्यावर पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही. तो शिरोळचा, माहेरचा, लहानपणापासूनचा. त्यात आता हा दुसरा.

१२ मे

रंकाळा तलावावर गेलो. इथं रोज संध्याकाळी चालणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्याचे म्होरके कृष्णात कांबळे, शाळेत पी.टी.चे सर होते, आता रिटायर. माणूस रांगडा. माझं पोट बघून म्हणाले, ‘मगदूम साहेब, हे धरण हाय की, दरवाजं उघडाय पायजेत.’ सगळे हसले, मीही हसलो. त्यांची बायको मीनाबाईही येते. गुडघेदुखीमुळे ती जेमतेम एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत जाते. सर दोन फेऱ्या झपाझप मारतात आणि तिसरी तिच्याबरोबर, गोगलगायीसारखी. त्या फेरीचा त्यांना काय उपयोग, देव जाणे.

निघताना सूर्य कासराभर वर होता, पाणी सगळं तांबूस झालेलं. फोटो काढून अरुणाला पाठवला. आमच्या घराच्या पश्चिमेला चार मजली इमारत उठल्यापासून सूर्य कधी मावळतो ते घरात कळतच नाही. तिला तेवढीच गंमत.

सव्वासहाला घरी. दोन ताटं मांडून ती दारात उभी होती. उजेडात दोघं जेवलो. नाचणीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, ताकाबरोबर ढकलली.

३ जून

अरुणालाही बूट आणले. चांगले, जाड तळव्याचे, निळ्या पट्टीचे. ती स्वतःच म्हणाली होती की मीही येते. मी बरा झालो की आम्ही दोघांनी बाहुबलीच्या तीर्थाचा डोंगर पायऱ्यांनी चढायचा, असं तिच्या मनात आहे. त्याची तयारी म्हणे.

पण चालणं कसलं ते. दर दहा पावलांना थांबून कोणाचं तरी कुत्रं बघ, कणीसवाल्याकडे बघ, पाण्यातली बदकं बघ. माझ्या घड्याळातले ठोके वर जायलाच तयार नाहीत. शेवटी हसत हसत म्हटलं, ‘अरुणा, तुझ्या चालीनं माझा व्यायाम होत नाही. तू आपली गच्चीवर चालत जा.’ तीही हसली. म्हणाली, ‘जावा तुमी फुडं.’ बाकावर बसून राहिली आणि माझ्या फेऱ्या झाल्यावर बरोबर घरी आली.

बूट खोक्यात परत ठेवले. गच्चीवर काय, चपला चालतात.

२० जून

अरुणाच्या साखरेवरची गोळी बदलली. संध्याकाळच्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. तिचा विसराळूपणा मला माहीत, म्हणून तिच्या फोनवर पावणेसहाचा गजर लावून दिला. आता विसरायचा प्रश्नच नाही. मी पाचला बाहेर पडतो, सव्वासहापर्यंत परत येतो, गोळी लागू पडलेली असते, ताटं तयार असतात. घड्याळाच्या काट्यावर सगळं.

१७ जुलै

धो धो. पंचगंगेचं पाणी चढतंय. शिरोळला मेव्हण्यांनी जनावरं आधीच वर हलवलीत. रंकाळा बंद, म्हणून कांबळे सरांनी एका हॉलमध्ये बॅडमिंटन सुरू केलं. कोर्टवर वीस मिनिटांत जीभ बाहेर आली. हॉल सहानंतर मिळतो, घरी येईपर्यंत दिवस बुडतो, मग रात्रीचं जेवण मी टाळतो, वजनालाही बरं. तरुणपणी हे का केलं नाही, याची हळहळ वाटते. चाळिशीत एक रॅकेट हातात घेतली असती तर छातीत जाळी घ्यावी लागली नसती.

३१ ऑगस्ट

पर्युषण चालू आहे. दहा दिवस संध्याकाळचा व्यायाम बंद, सकाळीच थोडं चालतो. देवदर्शन, प्रवचन, आणि दिवसाउजेडी दोघांचं जेवण. अरुणा या दिवसांत टवटवीत दिसतेय. चेहऱ्यावर तकाकी आहे, दुपारी आडवी पडत नाही, काल तर शेजारच्या शालूबाईंना घेऊन दोनदा बस्तीत जाऊन आली. धर्माचा प्रताप, दुसरं काय.

१६ सप्टेंबर

कांबळे सरांची मुलगी श्रुती आहारतज्ज्ञ आहे. तिनं माझं सगळं कोष्टक बसवून दिलं. नुसतं चालून भागत नाही, या वयात स्नायू झिजतात, म्हणून चालल्यावर वजनं उचलायची. आठवड्यातून दोन दिवस योगासनं. व्यायामानंतर अर्ध्या तासात प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. म्हणजे घरी यायला सात होणार आणि माझं जेवण दिवस बुडाल्यावर होणार. पहिल्यांदा जिवावर आलं. आई असती तर तिनं ताट पुढ्यातून ओढलं असतं. पण आजाऱ्याला सूट असते, असं मनाला समजावलं.

श्रुतीनं विचारलं, ‘काका, काकू कधी जेवतात?’ मी म्हटलं, ‘ती सहा-सव्वासहाला आटपते.’ तिनं लिहून घेतलं आणि एकदा त्यांनाही घेऊन या म्हणाली. बघू.

घरी अरुणाला सांगितलं, ‘मला आता उशीर होणार, तू आपलं वेळेवर जेवून घेत जा.’ ती म्हणाली, ‘बघू की.’ नोकरीत असताना मी रात्री नऊला उगवायचो. तेव्हाही ती आपलं उरकून माझं ताट झाकून ठेवायचीच. तिला काही नवीन नाही.

७ ऑक्टोबर

आनंदाची बातमी. अरुणाची तीन महिन्यांची साखरेची सरासरी एकदम उतरली. वजनही घटलंय. म्हणजे माझ्या पथ्याचा प्रसाद तिलाही मिळाला. घरात तूप-गूळ कमी झाला, त्याचा हा परिणाम. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. ग्रुपमध्ये सांगितलं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त मीनाबाई म्हणाली, ‘येकदा आणा की वैनीस्नी, बघूदे तरी.’

डॉक्टरांनी मात्र तिला विचारलं, चक्कर येते का, घाम फुटतो का, हात थरथरतात का. ती माझ्याकडे बघत राहिली. मीच म्हटलं, छे हो, घरातच असते, कष्ट काय आहेत तिला. मग डॉक्टर म्हणाले, गोळी आहे तेवढीच चालू ठेवा, महिन्यानं बघू, आणि जेवण चुकवू नका. जेवण चुकवायला ती काय कॉलेजात जाते?

२३ ऑक्टोबर

लेक रुचिता दिवाळीला आली होती, आज पुण्याला परतली. चार दिवस व्यायामाला दांड्या. करंज्या दोनच खाल्ल्या, त्याही अर्ध्या अर्ध्या करून.

जाता जाता माझ्याशी वाद घालून गेली. म्हणे, ‘अण्णा, आईच्या बांगड्या मनगटातून निसटायला लागल्यात, तुम्हाला दिसत नाही का?’ मी म्हटलं, दिसतं की, मीच तर वजन उतरवलं तिचं. ती वळलीच. बॅग उचलून रिक्षात बसली. मुली सासरी गेल्या की त्यांना माहेरच्या सगळ्यांत खोट दिसते.

४ नोव्हेंबर

आज घरी आलो तर अरुणा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसलेली. कपाळावर घाम, थंडीचे दिवस असून. माझ्यासाठी मूगडाळीचं धिरडं घालत होती, ते तव्यावर करपलेलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘काय न्हाय, जरा गरगरलं.’ मी चांगलंच सुनावलं. दिवसभर बसून राहिल्यावर गरगरणार नाही तर काय होणार. गच्चीवर चाल म्हणून जूनपासून सांगतोय. ती उठली आणि दुसरं धिरडं घातलं. हात थरथरत होता, पीठ सांडलं.

उद्यापासून तिला सकाळी प्राणायाम शिकवायला हवा.

११ नोव्हेंबर

रंकाळ्यावर हल्ली सूर्यास्त काय सुंदर होतो. हवा स्वच्छ, तळ्यातला दगडी संध्यामठ काळा दिसतो आणि त्याच्यामागं लालभडक गोळा टेकतो. आता सहाच्या आतच मावळतो. रोज न चुकता फोटो पाठवतो अरुणाला. आजच्या फोटोला तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

१४ नोव्हेंबर

आज लिहितो ते लिहवत नाही, पण लिहिलं पाहिजे.

दुपारपर्यंत सगळं उत्तम होतं. काट्यावर उभा राहिलो, ठरवलं होतं तेवढं वजन उतरलेलं. संध्याकाळी ग्रुपनं रंकाळ्यावरच माझा सत्कार केला. कांबळे सरांनी स्वतः माझ्या डोक्याला फेटा बांधला, कोल्हापुरी, हातभर तुरा काढून. नारळ दिला, टॉवेल दिला. मी भाषण ठोकलं. शरीर हीच खरी संपत्ती वगैरे. मधेच सूर्य मावळला, त्याचा फोटो पाठवला, फेट्यातला माझाही एक पाठवला. हात जोडलेलं चित्र आलं नाही. वाटलं, कामात असेल.

फेटा न काढताच घरी आलो. तिला दाखवायचा होता. बेल वाजवली, दार उघडलं नाही. किल्लीनं उघडलं. स्वयंपाकघरात दिवा चालू. अरुणा जमिनीवर कुशीवर पडलेली, पाय वेडावाकडा, साडी घामानं चिंब. हाका मारल्या तर डोळे उघडे पण मला ओळखत नव्हती. ओट्यावर दोन ताटं उपडी घातलेली. माझी वाटी भरलेली, झाकलेली.

शालूबाईंच्या मुलानं गाडी काढली. दवाखान्यात बोटाला सुई टोचून साखर बघितली, तेव्हा डॉक्टरांनी आकडा मोठ्यानं म्हटलाच नाही, सरळ सलाईनला धावले. मग मला विचारलं, ‘शेवटचं कधी जेवल्या?’ मी ठामपणे सांगितलं, ‘सहाच्या आत.’ माझ्या डोक्यावर फेटा होता तेव्हाही.  सहाच्या आत जेवलेल्या माणसाची साखर इतकी खाली जात नाही, डॉक्टर म्हणाले.

थोड्या वेळानं ती शुद्धीवर आली. डॉक्टरांनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, ‘सकाळी. धा वाजता.’

‘आणि गोळी?’

‘गोळी घेतली की. पावणेसाला गजर झाला.’

खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन करावं लागणार. फेटा मी कधी काढला, कुठं टाकला, आठवत नाही.

१५ नोव्हेंबर

रुचिता पहाटेच्या गाडीनं आली. सरळ आईच्या उशाशी जाऊन बसली, आणि तिनं माझ्याशी बोलावं असं मलाही वाटलं नाही.

संध्याकाळी पाचला दवाखान्याचं ताट आलं. मुगाची खिचडी, ताक. अरुणा तोंड उघडेना. डॉक्टर रागावले, नर्स रागावली, रुचिता रडकुंडीला आली. अरुणा माझ्याकडे बघून एवढंच विचारत होती, तुम्ही जेवला का? मी म्हटलं, मी खाईन नंतर कँटीनमध्ये, माझं काय आहे. तिनं मान भिंतीकडे फिरवली.

मग रुचितानं तिचा हात धरून विचारलं तेव्हा बोलली. मला जाळी बसवून घरी आणलं, त्या दिवशी बस्तीत देवापुढं तिनं नेम घेतला होता. मी बरा व्हावा म्हणून वर्षभर माझ्या आधी घास घ्यायचा नाही. मे महिन्यात मी उजेडी यायचो तोवर दोन्ही नेम जमत होते. पुढं दिवस लहान होत गेला आणि मी उशिरा येत गेलो. माझ्या आधी जेवायचं नाही, दिवस बुडाल्यावर जेवायचं नाही. मधे वेळच उरला नाही. सकाळी दहाला माझ्यामागून जेवायची, दिवसभरात तेवढंच. आणि मी लावून दिलेला गजर रोज न चुकता वाजत होता.

मी म्हटलं, ‘मला सांगायचं होतंस की गं.’

‘नेम सांगत्यात व्हय? आणि सांगितला असता तर तुमी फिरायचं सोडला असता.’

नर्सनं आणखी एक ताट आणून दिलं. मी तिच्यासमोर बसून खिचडीचा घास घेतला.  खिडकीत अजून ऊन होतं. मी दुसरा घास घेतल्यावर तिनं तोंड उघडलं, रुचितानं तिला भरवलं.

१६ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. बाहेर बाकावर बसून एकच विचार करत होतो. ती म्हणते, सांगितलं असतं तर तुम्ही फिरायचं सोडलं असतं. खरंच सोडलं असतं का? इथं खोटं लिहून काय मिळणार. नसतं सोडलं. बायकांची खुळं म्हणून हसलो असतो, तासभर समजावलं असतं, डॉक्टरांचं नाव सांगितलं असतं आणि पाचला बूट घालून बाहेर पडलो असतो. माझ्याबद्दल तिचं मत माझ्यापेक्षा चांगलं आहे. तेच जास्त लागतं.

मागची पानं वाचून बघितली. पर्युषणात टवटवीत दिसली म्हणून लिहिलंय, धर्माचा प्रताप म्हणून. ती जेवत होती हो, दुसरं काही नव्हतं. दोन वेळचं पोटभर जेवत होती. कपाळावरचा घाम, गरगरणं, बांगड्या, सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. धरणाच्या भिंतीतून इतकी गळती दिसली असती तर मी अर्ध्या तासात वरपर्यंत कळवलं असतं.

१९ नोव्हेंबर

कांबळे सर आणि मीनाबाई भेटून गेले. श्रुतीही आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी नीट विचारायला हवं होतं. मी तिला सांगितलं, पोरी, तू नीटच विचारलं होतंस, उत्तर देणारा शहाणा होता.

जाताना सर दाराशी थांबले. म्हणाले, ‘साहेब, तुमाला वाटायचं, मी हिच्यासंगं तिसरी फेरी का मारतो. गुडघा हिचा दुखतो. पण ती चालती तवा बोलती. घरात बोलत न्हाय.’

 जूनमध्ये अरुणा बाकावर बसून राहिली होती, तेव्हा तिला काय बोलायचं होतं, ते मी आता कोणाला विचारू? तिला विचारलं तर ती म्हणेल, काय न्हाय.

२६ नोव्हेंबर

घरी आणलं. ती गोळी डॉक्टरांनी बंदच केली. वॉकर घेऊन उभं करायचं, रोज थोडं थोडं. पुढंमागं घरातल्या घरात चालू शकेल म्हणाले. मी विचारलं, डोंगराच्या पायऱ्या? त्यांनी चष्मा पुसला आणि आधी बाथरूमपर्यंत जाऊ द्या म्हणाले.

रुचितानं वॉकरसाठी चांगले बूट हवेत म्हणून कपाट धुंडाळलं आणि निळ्या पट्टीचे ते बूट काढले. तळवे जवळजवळ कोरे, रंकाळ्याची एका दिवसाची माती फक्त. मी खाली बसून तिच्या पायांत घातले, नाड्या बांधल्या. अरुणा म्हणाली, ‘बरं झालं, तवाच घेऊन ठिवलं.’

स्वयंपाक आता रुचिता आणि मी करतो. भाकरी मला थापता येत नाही. नाचणी भिजवायची, दळायची, मटकीला मोड आणायचे, माझं वेगळं, तिचं वेगळं. एका दिवसात दमलो. माझं पथ्य म्हणजे तिचे किती तास, हे मला कधी दिसलं नव्हतं. घाम तिनं गाळला आणि वजन माझं उतरलं.

३ डिसेंबर

रुचिता म्हणाली, आईचा हा नेम बस्तीत जाऊन सोडवून घेऊ, आजारपणात तशी मुभा असते. मीही म्हटलं. अरुणा ऐकेना. म्हणाली, ‘फेब्रुवारीत संपतोयच की. आता कशाला तोडायचा. तुमची तब्येत बरी झाली न्हवं?’

होय, झाली. परवा डॉक्टरांनी माझा कार्डिओग्राम बघितला, एकदम छान म्हणाले. ऐकताना लाज वाटली.

५ डिसेंबर

संध्याकाळी पाचलाच ताटं मांडली. आधी मी जेवतो, मग ती. गच्चीवर जाऊन सूर्य बघून आलो, इमारतीच्या बाजूनं दिसत होता, कासराभर वर. खाली येऊन तिला सांगितलं, अजून आहे दिवस, सावकाश जेव.

जेवून झाल्यावर ती पलंगावर टेकून बसली. फोन हातात घेऊन बघत होती. म्हणाली, ‘आता फोटो न्हाय येत रंकाळ्याचा.’

मी म्हटलं, ‘तुला आवडायचे का गं ते?’

‘आवडायचे की. पर त्यासाठी न्हाय. आपल्या घरातनं दिस बुडालेला कळत न्हाय न्हवं. मी ताट मांडून बसायची, तुमी याल म्हणून. तुमचा फोटो आला की मग उठून ताट उपडं घालून ठिवायची.’

ती हे सहज बोलली, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं. मी उठून बाहेर गेलो. पायांत चपलाही घातल्या नाहीत.

८ डिसेंबर

फोनमधले ते सगळे फोटो बघितले. एकापाठोपाठ एक, लाल, केशरी, जांभळे. खोडून टाकावेत असं वाटलं, पण हात धजला नाही. प्रत्येक फोटोखाली तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवलेलं आहे. मला वाटायचं, सूर्याला नमस्कार करते.

१२ डिसेंबर

ग्रुपमधून फोन आला, कधी येताय. सांगितलं, सकाळी येईन, संध्याकाळी जमणार नाही.

पावणेसहाला फोनवर गजर वाजला. गोळी बंद झाली तरी तो काढायचा राहून गेला होता. अरुणाचा हात सवयीनं पाण्याच्या तांब्याकडे गेला. मी फोन घेतला आणि गजर बंद केला.

मग तिला उठवून उभं केलं. वॉकरवर तिचे हात, त्यांवर माझे. पलंगापासून दारापर्यंत गेलो, तिच्या चालीनं. मधे ती थांबली. चौकटीवर एक पाल होती, ती बघत राहिली. मीही थांबलो आणि पाल बघितली. ती पालीबद्दल, मग शिरोळच्या घराबद्दल, मग कशाबद्दल तरी बोलत राहिली. दारापाशी पोचलो तेव्हा बाहेर अंधार पडायला लागला होता. आज ती जेवलेली होती.